बाक

सिंदी (रेल्वे) स्थानकात पॅसेंजरची वाट पाहत ज्यावर आपण टेकतो ते ‘बाक’. गाडीत शिरल्यावर ज्यासाठी भांडतो तेही बाकच, आणि रविवारी मिस्सेला बसतो तेही! शब्द वाटतो घरचा. आला मात्र पोर्तुगीज ‘बांकु’वरून. गोव्याचे मोन्सिन्योर दालगाद यांनी आशियाई भाषांत मुरलेले असे पोर्तुगीज शब्द १९१३ च्या आपल्या ग्रंथात वेचले आहेत. ‘बँक’ही याच कुळातली, इटलीतले सराफ बाकावर नाणी मांडूनच व्यवहार करीत.

परंतु गरिबाचे बाक नुसत्या लाकडाचे. १९७४ साली तिसरा वर्ग गेला, फळ्या राहिल्या. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच फोम घातला. व्युत्पत्तीपेक्षा मला त्या दोन इंचांचे मोल अधिक वाटते.