कोणत्या सिनेमातलं?

1995 साली सिकंदराबादच्या आमच्या घरात एकच टेपरेकॉर्डर होता आणि त्याचा ताबा सासूबाईंकडे. सकाळी भक्तिगीतं, दुपारी भावगीतं. मोंडा मार्केटच्या भाजीतून चार पैसे वाचवून मी एक कॅसेट आणली, अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया'. तीही दुसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्यांदा दुकानदार म्हणाला होता, "खतम हो गये अम्मा, परसों आओ."

दिवसच तसे होते. घराघरांत नुकतंच केबल आलेलं. चॅनल लावलं की तेच गाणं, लग्नाच्या बँडवरही तेच. संगीत बंगळूरच्या बिड्डूचं. त्यानंच 1981 साली नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' केली होती. चित्रफितीत मिलिंद सोमण, म्हणून आमच्या मंडळातल्या बायकांना उगाच माहेरचा अभिमान! सिनेमाचा आधार नसलेली कॅसेट लाखांनी खपते, याचं मात्र बाजारालाही नवल वाटलं. तोवर गाण्यांची दुकानं चालायची ती सिनेमाच्या जोरावर.

सासूबाईंनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"कोणत्या सिनेमातलं गं?"

"सिनेमातलं नाही, आई."

"मग ही गाते कुणासाठी?"

मी सांगितलं, 'मिस्टर इंडिया'त किशोरकुमारबरोबर हीच गायली होती, पण तेव्हा लोकांनी पाहिलं श्रीदेवीला. आता आवाजही हिचा, चेहराही हिचा, कव्हरवर नावही हिचंच.

त्या काही बोलल्या नाहीत. कव्हरवरच्या त्या बाईकडे बघत राहिल्या.

आमच्या सासूबाई डोहाळजेवणाची, बारशाची गाणी रचायच्या. चालीही त्यांच्याच. जनरल बाजारापासून मारेडपल्लीपर्यंत आपल्या लोकांत कार्य निघालं की त्यांना बोलावणं यायचंच. गाणी सगळ्यांच्या तोंडी होती; रचली कुणी, हे कुणी विचारत नसे. मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

आठवड्याभरानं दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या त्या कॅसेटच्या मागच्या बाजूला माझी दोन गाणी भरता येतील का?"

येत होती. वरच्या कडेच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली की झालं. पण नवी कोरी कॅसेट, भाजीचे पैसे वाचवून आणलेली! मी म्हटलं, "आई, ती कशाला खराब करायची? रिकामी कॅसेट आणू, मग भरू."

"बरं," त्या म्हणाल्या. पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि ती रिकामी कॅसेट काही आणली गेली नाही. मुलांच्या परीक्षा, पाहुणे, दुकानाचा हिशेब... कारणं काय, कधीच कमी नसतात.

त्या गेल्यावर कपाटात त्यांची वही सापडली. गाणी सगळी लिहिलेली, पण वहीत चाल कुठून उतरणार? दोन-तीन चाली तेवढ्या मला येतात. बाकीच्या त्यांच्याबरोबरच गेल्या. 'मेड इन इंडिया' अजून माझ्याकडे आहे, दोन्ही बाजू शाबूत. हल्ली ती शाबूत असल्याचंच वाईट वाटतं.

परवा एका डोहाळजेवणात मी त्यांचं एक गाणं म्हटलं. एका नव्या सुनेनं विचारलं, "काकू, हे कोणत्या सिनेमातलं?"

मी सासूबाईंचं नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट, पूर्ण.