आपला जीव निधीपेक्षा स्वस्त नाही

वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी निधी उभा करायचा म्हणून आम्ही सहा कार्यकर्त्यांनी घारापुरी ते गेटवे ऑफ इंडिया हे साधारण 14 किलोमीटरचं अंतर पोहायचं ठरवलं. दर किलोमीटरमागे देणगी, अशी कल्पना. पोस्टर आधी छापलं, सुरक्षेची बैठक शेवटी ठेवली. चूक इथेच झाली.

बैठकीत एक साथी म्हणाला, "दुसऱ्या बोटीचं भाडं वाचवलं तर तेवढी पुस्तकं येतील." आम्हाला ते पटलंही. तेव्हा बोटीचे तांडेल काका शांतपणे म्हणाले, "पोरांनो, पाण्यात सहा जण आणि बोट एक. दोन टोकांना दोघं एकदम थकले तर आधी कुणाला काढू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनीच समजावलं: ओहोटीची ओढ धरून निघायचं. उशीर झाला की भरती उलटी लागते आणि दमलेला माणूस जहाजांच्या वाटेत सापडतो. 18 डिसेंबर 2024 रोजी याच पाण्यात नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली. माणसं गेली. अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं.

सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी आपली माणसं आजही गटारात मरतात. त्यांच्यासाठी आम्ही मोर्चे काढतो. मग स्वतःच्या कार्यक्रमात तोच हिशोब कसा करतो? "चळवळीसाठी एवढं तर सोसायलाच हवं," हे वाक्य ऐकायला त्यागाचं वाटतं. पण आपला जीव स्वस्त आहे हे व्यवस्थेने शिकवलेलं गणितच त्यात बोलतं. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तो माणूसपणाच्या हक्कासाठी. त्या माणूसपणात जिवाची किंमतही आली.

आम्ही तारीख पुढे ढकलली. दोन बोटी, प्रत्येक पोहणाऱ्यावर नजर ठेवणारा एक माणूस, प्रथमोपचार जाणणारी साथी, बंदर प्रशासन व सागरी पोलिसांना आगाऊ माहिती, हे सगळं कागदावर आणलं. 'थांबा' म्हणायचा अधिकार तांडेल काकांचा. त्यावर चर्चा नाही. आणि किलोमीटरमागे देणगी रद्द केली, कारण पैसे अंतरावर अवलंबून असले की दमलेला माणूस हात वर करत नाही.

सुरक्षेचा खर्च देणगीदारांना वेगळा दाखवला. दोघांनी देणगी मागे घेतली, बाकीचे थांबले. अभ्यासिकेला चार पुस्तकं कमी आली तरी चालतील. तिथे वाचायला येणाऱ्या पोरांसमोर आमच्यापैकी कुणाचा हार घातलेला फोटो नको.

जय भीम!