इटलीचं शेवटचं स्टेशन

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस तर सगळेच करतात. पण व्हेनिसहून आणखी दोन तास पुढे गेलात की इटली संपते... आणि खरी गंमत तिथेच सुरू होते!

इटलीची ट्रिप म्हटली की आपली लिस्ट तयारच असते. रोमला कलोसियम, पिसाला कलता मनोरा हाताने तोलून धरल्याचा फोटो, व्हेनिसला गोंडोला. आठ दिवस संपले, मॅग्नेट घेतले, चला परत ऑफिसला! यात वाईट काही नाही. पण पुढच्या वेळी (किंवा पहिल्याच वेळी) दोन-तीन दिवस बाजूला काढा आणि व्हेनिसहून पूर्वेला जाणारी गाडी पकडा. खिडकी उजव्या बाजूची घ्या. शेवटच्या टप्प्यात गाडी डोंगराच्या कडेने धावायला लागते आणि खाली अचानक निळाशार एड्रियाटिक समुद्र दिसतो. मग रूळच संपतात. स्टेशनचं नाव ट्रिएस्टे. इथून स्लोव्हेनियाची हद्द जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर.

फिरायला निघण्याआधी एक हिशेब डोक्यात ठेवा. १९१० साली ट्रिएस्टेत जन्मलेल्या एखाद्या मुलीचा. तिचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. ती आठ वर्षांची असताना इटलीचं सैन्य शहरात उतरलं. तेहतिसाव्या वर्षी जर्मन आले. पस्तिसाव्या वर्षी चाळीस दिवस मार्शल टिटोच्या युगोस्लाव्ह फौजा. मग ब्रिटिश आणि अमेरिकन. १९४७ मध्ये तर 'फ्री टेरिटरी ऑफ ट्रिएस्टे' असा नवाच प्रदेश जन्माला आला आणि १९५४ मध्ये शहर पुन्हा इटलीकडे गेलं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांत पाच वेळा झेंडा बदलला, आणि त्यासाठी तिला घराचा उंबरासुद्धा ओलांडावा लागला नाही! इथे माणसं सीमा ओलांडत नव्हती. सीमाच माणसांना ओलांडून जात होती.

समुद्राकडे उघडा चौक

सुरुवात करायची ती पियाझ्झा उनिता दि'इतालियापासून. तीन बाजूंना राजवाड्यांसारख्या इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र! रात्री दिवे लागले की इथे नुसतं बसून राहावंसं वाटतं. इमारतींकडे नीट बघा. या रोमच्या वाटत नाहीत, व्हिएन्नाच्या वाटतात. कारण १३८२ ते १९१८ अशी पाचशेहून जास्त वर्षं हे शहर हाब्सबर्ग घराण्याचं होतं. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सने ट्रिएस्टेला 'फ्री पोर्ट' केलं आणि मग ग्रीक, सर्बियन, ज्यू, आर्मेनियन, जर्मन असे सगळे व्यापारी इथे येऊन थडकले. आजही थोड्याशा अंतरावर सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च, ग्रीक चर्च आणि भलंमोठं सिनेगॉग बघायला मिळतं.

आणि हो, आपल्या मुंबईचंही इथे एक कनेक्शन आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी ट्रिएस्टेहून मुंबईला यायला लागल्या. ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड डिसेंबर १८९२ मध्ये जगप्रवासाला निघाला तो याच बंदरातून. जानेवारी १८९३ मध्ये तो मुंबईत उतरला होता. हाच तो, ज्याच्या १९१४ मधल्या खुनामुळे पहिलं महायुद्ध पेटलं. त्याचं शवही बोटीने ट्रिएस्टेलाच आणलं आणि इथल्याच रस्त्यांवरून त्याची अंत्ययात्रा निघाली.

चौकातून बाहेर पडलात की समुद्रात घुसलेला लांबलचक दगडी धक्का दिसतो. हा मोलो औदाचे. 'औदाचे' या इटालियन युद्धनौकेचं नाव त्याला मिळालं, कारण ३ नोव्हेंबर १९१८ रोजी ती इथे लागली आणि शहर इटलीचं झालं. त्याआधी त्याचं नाव होतं सान कार्लो. धक्का तोच, झेंड्याबरोबर पाटी बदलली. संध्याकाळी अख्खं गाव इथे फिरायला येतं. कठडा नाही, दुकान नाही. फक्त दगड, समुद्र आणि सूर्यास्त. बेस्ट!

एक 'कापो इन बी' द्या!

ट्रिएस्टे म्हणजे इटलीची कॉफीची राजधानी. 'इली' हा जगप्रसिद्ध ब्रँड १९३३ मध्ये इथेच सुरू झाला. पण ऑर्डर देताना सावधान. इथली भाषाच वेगळी! एस्प्रेसो हवी असेल तर 'नेरो' म्हणायचं. 'कापो' म्हटलं की थोडं दूध घातलेली छोटी कॉफी. आणि तीच काचेच्या ग्लासात हवी असेल तर 'कापो इन बी'. हा 'बी' म्हणजे 'बिक्किएरे', ग्लास. आपल्या कटिंगची इटालियन चुलत बहीणच म्हणा ना.

ती प्यायची कॅफे सान मार्कोमध्ये. १९१४ मध्ये उघडलेला हा कॅफे पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियन सैनिकांनी फोडून टाकला, कारण इटलीकडे पळून जाणाऱ्यांसाठी इथे खोटे पासपोर्ट तयार व्हायचे. आज तिथे पुस्तकांचं दुकान आहे आणि लॅपटॉप उघडून तासन्‌तास बसलेली कॉलेजची पोरं. आयरिश लेखक जेम्स जॉइस १९०४-०५ च्या सुमाराला इंग्रजी शिकवायला या शहरात आला आणि मधली काही वर्षं सोडली तर १९२० पर्यंत इथेच राहिला. 'युलिसिस' त्याने इथेच लिहायला घेतली. कालव्यावरच्या पुलावर त्याचा पुतळा आहे, हॅट घालून चालत निघालेला. फोटो मस्ट!

याच कालव्याशेजारी पोंतेरोसोचा बाजार. साठ ते ऐंशीच्या दशकात युगोस्लाव्हियातून बसेस भरभरून लोक इथे यायचे. कशासाठी? जीन्स! तिकडे मिळायची नाही, म्हणून इकडून घ्यायची आणि कस्टमवाल्यांना चुकवायला एकावर एक चढवून परत जायचं.

वारा, समुद्र आणि एक भिंत

बीच म्हटलं की आपल्याला वाळू लागते. ट्रिएस्टेवाल्यांचं तसं नाही. बार्कोलाच्या किनाऱ्यावर लांबच लांब फूटपाथ आहे, त्याच काँक्रीटवर टॉवेल अंथरायचा, ऊन खायचं आणि धपकन पाण्यात उडी. लंच ब्रेकमध्ये ऑफिसातून येऊन पोहून जाणारे लोक बघितले की आपल्या लोकलच्या प्रवासाची फार फार आठवण येते! शहरातल्या 'एल पेदोचिन' बीचवर तर पुरुष आणि बायकांच्या मध्ये चक्क भिंत आहे. १९०३ पासून. ती पाडायची म्हटलं तर सगळ्यात आधी बायकाच विरोध करतील, असं म्हणतात.

हिवाळ्यात जाणार असाल तर 'बोरा' भेटेल. डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा हा वारा कधीकधी ताशी १५० किलोमीटरच्या वर जातो. पूर्वी लोकांना धरायला रस्त्याकडेला दोर बांधत असत. छत्री अजिबात नेऊ नका.

बार्कोलाच्या पुढे, समुद्रात शिरलेल्या खडकावर पांढराशुभ्र मिरामारे किल्ला. आर्चड्यूक माक्सिमिलियनने हौसेने बांधायला घेतला. पण १८६४ मध्ये तो मेक्सिकोचा बादशहा व्हायला गेला आणि १८६७ मध्ये तिथे गोळ्या घालून त्याला मारलं. या किल्ल्यात जो मुक्काम करतो तो परदेशात मरतो, अशी वदंता तेव्हापासून आहे. घाबरू नका, तुमचं तिकीट फक्त दिवसाचं! जवळच अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं फिजिक्सचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. आपल्याकडचे कितीतरी शास्त्रज्ञ तिथे राहून आलेत. त्यामुळे बस स्टॉपवर एखादा देशी चेहरा दिसला तर नवल नको.

गिरणी आणि गोदाम

आता जरा गंभीर. एवढे झेंडे बदलले ते कुणाला न दुखवता थोडेच बदलले? १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी इथल्या स्लोव्हेनियन लोकांचं सांस्कृतिक केंद्र, 'नारोदनी दोम', जाळून टाकलं. पुढे स्लोव्हेनियन शाळा बंद झाल्या, लोकांची आडनावंसुद्धा इटालियन करण्यात आली. शहराच्या टोकाला रिझिएरा दि सान साब्बा नावाची तांदळाची गिरणी होती. जर्मनांनी तिचा छळछावणी म्हणून वापर केला, आत मृतदेह जाळायची भट्टी बांधली आणि हजारो माणसं मारली. आज ते स्मारक आहे. उंच काँक्रीटच्या भिंतींमधून आत शिरताना आपोआप आवाज खाली येतो.

मग उलटी बाजू. युद्धानंतर इस्त्रियाचा किनारा युगोस्लाव्हियाकडे गेला. किती जणांना मारून चुनखडीच्या खोल कपारींत टाकलं गेलं, यावर आजही वाद होतात. दोन लाखांहून जास्त लोकांनी, त्यातल्या बहुतेक इटालियनांनी, घरं सोडली. त्यातल्या अनेकांनी आपलं सामान ट्रिएस्टेच्या जुन्या बंदरातल्या गोदामात ठेवलं. नंतर येऊन नेऊ म्हणून. खुर्च्या, कपाटं, भांडी, शाळेच्या वह्या... नावाच्या चिठ्ठ्यांसकट त्यातलं बरंचसं अजून तिथेच आहे. न्यायला कुणी आलंच नाही.

१३ जुलै २०२० रोजी, बरोबर शंभर वर्षांनी, इटलीच्या आणि स्लोव्हेनियाच्या राष्ट्राध्यक्षांसमोर 'नारोदनी दोम' परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्याच दिवशी ते दोघे कपारीवरच्या स्मारकापुढे हातात हात घेऊन उभे राहिले.

चौकातली रेघ

दुसऱ्या दिवशी ट्रेनने तासाभरात गोरित्सिया गाठा. टेकडीवर किल्ला, खाली टुमदार गाव. पण आपल्याला बघायचाय तो पियाझ्झा त्रान्साल्पिना. चौकाच्या एका बाजूला रुबाबदार रेल्वे स्टेशन. १९०६ मध्ये त्याचं उद्‌घाटन कुणी केलं माहितेय? आपल्याच त्या फ्रान्झ फर्डिनांडने! १९४७ मध्ये गाव इटलीला मिळालं आणि स्टेशन युगोस्लाव्हियाला. सीमा थेट चौकातून गेली. पलीकडे मग १९४८ पासून नवंकोरं शहर उभं राहिलं, नोव्हा गोरित्सा. स्टेशनच्या छपरावर मोठा लाल तारा बसवला, इटलीतून दिसेल असा.

शेजारच्या मिरेन गावात तर सीमा दफनभूमीतून गेली होती. १९७५ पर्यंत! एकाच कुटुंबातले आजोबा इटलीत आणि आजी युगोस्लाव्हियात, तेही पुरल्यानंतर.

पण माणसं ती माणसंच. १३ ऑगस्ट १९५० ला, एका रविवारी, पलीकडचे हजारो लोक सीमेवर जमले आणि रेटारेटी करत सरळ गोरित्सियात घुसले. दंगा करायला नाही, नातेवाइकांना भेटायला आणि खरेदीला! तिकडे साध्या झाडूचीही टंचाई होती. संध्याकाळी जो तो झाडू घेऊन घरी निघालेला. तो दिवस आजही 'झाडूंचा रविवार' म्हणून ओळखला जातो.

२००४ मध्ये स्लोव्हेनिया युरोपियन युनियनमध्ये आला आणि चौकातलं कुंपण निघालं. २००७ च्या डिसेंबरात तपासणीही गेली. आता जमिनीत एक गोल खूण आहे, तिच्यावर एक पाय इटलीत आणि एक स्लोव्हेनियात ठेवून फोटो काढायचा. सीमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाघा येतं. इथे पोरं सायकलवरून देश बदलतात आणि त्यांना ते जाणवतही नाही. २०२५ मध्ये ही दोन्ही गावं मिळून 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' झाली.

हॅपी एंडिंग? थांबा. २०२० मध्ये कोरोना आला आणि याच चौकात रातोरात पुन्हा जाळी उभी राहिली. लोक जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून गप्पा मारत होते. जाळी काही महिन्यांत गेली, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवत नेली. कुंपण काढायला सत्तावन्न वर्षं लागली होती. परत घालायला एक रात्र पुरली. तेव्हा त्या गोल खुणेवर पोज देताना एवढं लक्षात असू द्या, आणि फोटो झाल्यावर स्टेशनमधलं छोटं म्युझियम बघायला विसरू नका.

जायचं कसं, खायचं काय?

- व्हेनिस मेस्त्रेहून ट्रिएस्टेला थेट गाड्या आहेत, साधारण दोन तास. ट्रिएस्टेत दोन रात्री आणि गोरित्सियासाठी एक दिवस ठेवा.
- शेंगेन व्हिसावर स्लोव्हेनिया आणि (जानेवारी २०२३ पासून) क्रोएशियाही होतो. सीमेपलीकडे पाऊल टाकताना पासपोर्ट खिशात हवाच.
- वेळ असेल तर बोटीने मुज्जाला जा. इस्त्रियाचं इटलीत उरलेलं हे एकमेव बंदराचं गाव, व्हेनिसची छोटी आवृत्ती. नाहीतर दुइनो ते सिस्तियाना ही कड्यावरून जाणारी दोनेक किलोमीटरची पायवाट. कवी रिल्केच्या नावाची.
- ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी 'बार्कोलाना' ही शिडाच्या बोटींची शर्यत असते. २०१८ मध्ये २,६८९ बोटी उतरल्या होत्या!
- 'योटा' म्हणजे राजमासदृश दाणे, बटाटा आणि आंबवलेल्या कोबीचं दाट सूप. व्हेज असाल तर आधी विचारा, पोर्क असू शकतं. आलुबुखार भरलेले न्योक्की मात्र बिनधास्त घ्या.
- डोंगरावरच्या गावात रस्त्याकडेला हिरवी फांदी टांगलेली दिसली की समजा 'ओझ्मित्सा' उघडलीय. शेतकऱ्याच्या अंगणात बसून त्याच्याच घरची वाइन. १७८४ मध्ये सम्राटाने दिलेली परवानगी, आणि इतके झेंडे बदलले तरी ही प्रथा कुणी मोडली नाही. चिअर्स!