पिसांचा गळ

मासे मारणाऱ्याला आमच्या कोकणात मान आहे; मासे गरवणाऱ्याला नाही. जाळे टाकतो तो कामाचा माणूस, आणि गरी टाकून धक्क्यावर बसतो तो घरात कुणाला नको असलेला, असा सरळ हिशेब आहे. मी शाळामास्तर असल्यामुळे हा हिशेब मला अधिक जाचतो. रविवारी धक्क्यावर मी पोरांच्या दृष्टीस पडलो, की सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक मासा काढलेला असतो. चित्र बहुधा चांगले असते. मी ते पुसत नाही.

तेव्हा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा मस्कतवाला म्हणाला, "यंदा गरवायला जाऊ; पण गरीला आमिष लावायचे नाही," त्या वेळी मला प्रथम आठवण झाली ती त्या फळ्याची. आमिष लावून बसणारा रिकामटेकडा, तर आमिषही न लावता बसणाऱ्याला काय म्हणायचे?

आम्ही चौघे एका बाकावरचे. एक डॉक्टर झाला, एक वकील झाला, एक मस्कतला गेला, आणि मी त्याच बाकासमोर उभा राहून इतरांच्या पोरांना शिकवू लागलो. मस्कतवाला वीस वर्षांनी कायमचा परत आला. तिकडून लोक सोने आणतात, घोंगड्या आणतात, अत्तरे आणतात. ह्याने आणली चार तुकड्यांची एक काठी. ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर, सलालाच्या पूर्वेला, असल्या काठ्या घेऊन जगभरचे हौशी लोक समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात म्हणे. त्यांतल्याच एकाने ह्याला हा नाद लावला. तुकडे एकात एक बसवले की नऊ फुटांची काठी होते, आणि हातात घेतली तर वेताच्या छडीइतकीसुद्धा जड लागत नाही. छडीचे वजन मला ठाऊक आहे; आता ती वापरायची नसते, ही गोष्ट वेगळी.

ह्या काठीची गंमत अशी. आपण गरी फेकतो ती शिशाच्या वजनावर. शिसे पुढे जाते आणि दोरा त्याच्यामागून फरफटत जातो. इथे शिसे नाही. गळाला बांधलेली असतात नुसती पिसे आणि हरणाच्या शेपटीचे केस. त्यांना वजन असे नाहीच. वजन असते ते दोरीला. प्लास्टिकचा लेप दिलेली जाड दोरी डोक्यावरून मागे फेकायची, ती मागे पूर्ण उलगडली की मग पुढे फेकायची. असे दोनतीनदा केले की दोरीच पिसांना ओढून साठ-सत्तर फुटांवर अलगद नेऊन ठेवते. इंग्रजीत ह्या पिसांच्या बाहुलीला ‘फ्लाय’, म्हणजे माशी, म्हणतात. नदीत ती खरोखर माशीसारखी असते; खाऱ्या पाण्यात मात्र ती लहान माशाचे सोंग घेते. लेफ्टी क्रे नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९५० नंतरच्या दशकात असले एक सोंग बांधले. ते इतके गाजले, की १९९१ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्याचे तिकीट काढले. मस्कतवाल्याच्या डबीत त्याच जातीची सात-आठ होती. पांढरी पिसे, मधे चंदेरी धागे, आणि दोन बाजूंना रंगवलेले डोळे. डबी पाहून डॉक्टरांची धाकटी मुलगी म्हणाली, "काका, ह्यातली एक मला वेणीत घालायला द्या ना!"

पण खरी अडचण काठीची नव्हती. वकील आणि मस्कतवाला अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

दोघे नुसते मित्र नव्हेत, चुलतभाऊ. आजोबांची काजूची बाग दोघांच्या मधे आली. त्या भांडणात मी शिरत नाही. दोन्ही बाजू मला तोंडपाठ आहेत, आणि दोष असा की दोन्ही खऱ्या वाटतात. मस्कतवाल्याची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवले ते वकिलाच्या आईने. ह्या काकू आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. डॉक्टर त्यांचा रक्तदाब पाहायला गेले, तेव्हा काकूंनी पट्टा सोडू दिला आणि मग विचारले, "ते दोघेय एका पंगतीक जेवताना माझ्या डोळ्यांक दिसतले मां रे?" ह्या दुखण्यावर डॉक्टरांच्या पेटीत काही नव्हते. त्यांनी वकिलाला सांगितले, "होडी ठरवली आहे. किती जण आहेत ते विचारू नकोस." वकील समजला असावा. पण तो आला.

देवबागची भूमी म्हणजे माडांचे लांब बोट. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि बोटाच्या टोकाशी दोन्हींची भेट. दिवसा तिथे प्रवाशांच्या बोटींची इतकी गर्दी असते, की माशाने तोंड वर काढावे तर कुणीतरी त्याचा फोटो घ्यायचा. म्हणून आम्ही अंधारातच निघालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मी पोरांना दरवर्षी घालतो. कार्तिक शुद्ध षष्ठी होती. म्हणजे भरती साडेचारला. होडीवाले आबा ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, तो हिशेब मुंबयच्या बंदराचो. हयसर तासभर आदी." आणि होडी खरोखरच उतरत्या पाण्यावर चालू लागली. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सुकती लागली, की कांदळवनात शिरलेले पाणी लहानलहान ओहोळांनी परत खाडीत येते, त्याबरोबर पिल्लेही येतात, आणि ओहोळाच्या तोंडाशी चोणक दबा धरून बसतो. रायगडाकडे त्यालाच जिताडा म्हणतात. आबांनी हे सारे वल्हे मारता मारता सांगितले. मग त्यांनी डबीतले एक सोंग चिमटीत धरून कंदिलाशी नेले आणि विचारले, "हेका खावक काय लावलेला नाय? मग मासो काय तुमचा तोंड बघूक येतलो?"

आबा साठीच्या पुढचे. तरुणपणी रापणीवरचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. सारा वाडा दोन्ही दोऱ्यांना लागतो आणि मासळीचे वाटे पडतात. पुढे यांत्रिक नौका आल्या, पर्ससीनची जाळी आली, आणि किनाऱ्यापर्यंत मासळी पोचेनाशी झाली. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. पण आबांची रापण काही पूर्वीसारखी भरली नाही. आता मुलगा खाडीत जाळे टाकतो आणि आबा आमच्यासारख्यांना फिरवतात. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. म्हणूनच ते ऐकताना जरा अवघडल्यासारखे झाले.

होडी लहान. मस्कतवाला नाळेवर उभा, मधे डॉक्टर आणि मी, मागे आबांच्या पायाशी वकील. दोन शत्रूंना ह्याहून दूर बसवायला होडीत जागा नव्हती. पण मी वर सांगितले ते वाचकांच्या ध्यानात असेल, की ही दोरी आधी मागे जाते. पूर्वेला जरा उजळले, मस्कतवाल्याने काठी उचलली, दोरी सूं सूं करीत आमच्यावरून गेली आणि तो ओरडला, "डोके खाली!"

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

वकील वाकला. मग सरळ होऊन म्हणाला, "आधी सांगायला काय झाले होते?"

मी आणि डॉक्टर पाण्याकडे पाहू लागलो. पुढले दोन तास ह्या दोघांचे संभाषण एवढेच चालले होते. "खाली." "हं." "खाली." "हं." पण कोर्टाच्या आवारात तेवढेही होत नाही.

मला मासा लागण्याची आशा नव्हती, आणि खरे सांगायचे तर फिकीरही नव्हती. मृग पश्चिमेला कलला होता तो विझत गेला. कांदळाची मुळे एकेक करून पाण्याबाहेर आली. खंड्या ओरडत आडवा गेला. चौघे मित्र बोलता-न बोलता एका होडीत बसले आहेत, आणि कुणालाही कुठे जायचे नाही, अशी सकाळ चाळिशीनंतर किती वेळा येते? चालुक्यांच्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्याला स्वतंत्र जागा दिली आहे. मासे कोणते, दोरा कसा, आमिष काय, सगळे. राजाला आपण रिकामटेकडा म्हणत नाही. मात्र त्याच ग्रंथात मासे शिजवण्याच्या कृतीही आहेत, हे विसरता कामा नये.

सूर्य हातभर वर आला असेल. एका ओहोळाच्या तोंडाशी पिसे पडली, मस्कतवाल्याने दोरी दोन वेळा आखडली, आणि पालथ्या मडक्यावर थाप मारावी तसा आवाज झाला. चोणक भक्ष्य चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो, त्याचा हा आवाज. पुढच्या क्षणी तो पाण्याबाहेर होता. रुपेरी, रुंद, डोके झाडत. "गावलो!" आबा ओरडले. चकरी किरकिरू लागली. मासा खाडीच्या मधे धावला, वळला, आणि सरळ होडीखाली घुसला. दोरी नाळेवरून मागे फिरली. काठी आता मागल्या टोकाकडून फिरवून नेली नाही, तर मोडणार किंवा दोरी तुटणार. मधे आम्ही दोघे जाडजूड बसलेलो. मस्कतवाल्याने काठी आमच्या डोक्यांवरून मागे दिली आणि ती घेतली वकिलाने. घेणारा दुसरा कोणी तिथे नव्हताच.

"ओढू नकोस! जाऊ दे त्याला!"

"जाऊ दे काय? चालला की तो!"

"जाऊ दे म्हणतो ना! थांबला की घे. हं, घे आता. घे. सोड! सोड, गाढवा!"

ज्या माणसाने आयुष्यात मनाई हुकुमावाचून काही सोडले नाही, तो घामाघूम होऊन दोरी सोडत होता, घेत होता, आणि पुन्हा सोडत होता. पंधरा मिनिटे गेली असतील. शेवटी मस्कतवाला आमच्या मांड्यांवर पाय देत मागे पोचला, हात पाण्यात ओले करून घेतले आणि माशाचा खालचा जबडा धरला. कल्ल्याजवळ धरायचे नाही. तिथली कड सुरीसारखी असते. पाचेक किलोचा सहज असेल. चोणक नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. हा त्या उंबरठ्यावरचा असावा, असे डॉक्टर म्हणाले. आबांनी तेवढ्यात मनातल्या मनात त्याचा भाव केला होता. ते वकिलाला म्हणाले, "दोरयेक हात लायल्यात मां? मगे वाटो इलोच तुमचो."

मस्कतवाला मासा पाण्यातच धरून बसला होता. वकील त्या माशाकडे पाहत हळूच म्हणाला, "आईला चोणक फार आवडतो."

"मग ने," मस्कतवाला म्हणाला.

"तू काय करणार होतास?"

"सोडणार होतो. तिकडे तशीच सवय लागली."

माशाचे कल्ले उघडझाप करीत होते. पाणी समुद्राकडे चालले होते. वकिलाने चष्मा पुसला, आणि तो अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाला, "सोड मग. माझ्या हिश्शाचे हक्कसोडपत्र झाले असे समज."

गळाचा काटा आधीच चेपलेला होता. पिसे सहज निघाली. मस्कतवाल्याने माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला जरा वेळ धरून ठेवले. शेपटीने एक फटका मारला, आमच्या तोंडावर पाणी उडाले, आणि खाली काही दिसेनासे झाले.

"सोडूचो होतो," आबा शांतपणे म्हणाले, "तर धरल्यात कित्याक?"

ह्याला कुणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही, आणि आजही माझ्याजवळ ते नाही. पोटासाठी मासा मारणे मला समजते. त्याला दमवून, घाबरवून परत पाण्यात सोडणे ही दया आहे की चैन, ह्याचा निकाल मला करता येत नाही. आबांच्या प्रश्नाला मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले.

किनाऱ्याला लागलो तेव्हा आबांचा मुलगा जाळे झाडत होता. आबांनी त्यातली चार काळुंदरे निवडली, केळीच्या पानात बांधली आणि वकिलाच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी डबीतले एक सोंग मागून घेतले आणि टोपीत खोवून ठेवले.

बागेचा दावा अजून चालू आहे, हे सांगितलेच पाहिजे. नाही तर वाचक उगीच काही समजून बसतील. हक्कसोड झाली ती चोणकाची, काजूची नव्हे. फरक पडला तो इतकाच, की तारखेला दोघे एकाच एस.टी.ने जातात.

त्या दिवशी मात्र आम्ही चौघे पुडके घेऊन थेट काकूंकडे गेलो. काकू माजघरात खांबाला टेकून बसल्या होत्या. पुढे वकील, मागे मस्कतवाला, असे दोघे उंबरठा ओलांडून आत आले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पुडके सोडायला लावले आणि विचारले, "धरल्यान् कोणी?"

"आम्ही दोघांनी," वकील म्हणाला.

मस्कतवाल्याने मान डोलावली. डॉक्टर छताकडे पाहू लागले. मी मास्तर, खोटे उत्तर ऐकले की दुरुस्त करायची माझी सवय. त्या दिवशी मी ती आवरली.

काकूंनी काळुंदरे एकेक करून बोटाने उलटून पाहिली. "चार बापये, एक होडी," त्या म्हणाल्या, "आनि ही चार काळुंदरां?" आणि मग सुनेला हाक मारून त्यांनी पाने मांडायला सांगितली.