क्राउनमधली १० दारं

पब म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक तर कानठळ्या बसवणारं संगीत, नाहीतर पडद्याआडची परमिट रूम. आमच्या घरात तर हा विषयच बंद. आजोबांनी दारूपायी जमीन घालवली आणि बाबांनी आयुष्यात थेंबाला हात लावला नाही. त्यामुळे मागच्या वर्षी ते बेलफास्टला आले तेव्हा त्यांना 'क्राउन'मध्ये न्यावं का, यावर आम्हा नवराबायकोत बरीच चर्चा झाली!

तर हे 'क्राउन लिकर सलून' ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे. समोरच स्टेशन होतं (ते २०२४ मध्ये बंद झालं, आता जवळच नवं ग्रँड सेंट्रल आहे), म्हणून याचं मूळ नाव 'रेल्वे टॅव्हर्न'. १८८५ मध्ये पॅट्रिक फ्लॅनगनने त्याचं रूप पालटलं. रंगीत फरशा, कोरीव लाकूड, गॅसचे दिवे. दारातच जमिनीवर मुकुटाचं चित्र आहे. बायकोला राणीच्या मानाचं नाव हवं होतं, नवरा आयरिश बाण्याचा. त्याने नाव मान्य केलं, पण मुकुट पायाखाली बसवला, अशी दंतकथा! समोरच्या युरोपा हॉटेलवर हिंसाचाराच्या काळात ३० हून अधिक बॉम्बहल्ले झाले, त्यांचे तडाखे यालाही बसले. १९७८ पासून ते नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं आहे.

आत लाकडी दारांच्या १० छोट्या खोल्या आहेत. आत काडी ओढायला धातूची पट्टी, नोकराला बोलवायला घंटेची सोय. चारचौघांत पिताना दिसायला नको, अशांसाठी ही व्यवस्था.

हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे इथंही लपूनच प्यायचे लोक!"

त्यांनी संत्र्याचा रस घेतला, मीही तोच. दार लावलं. बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, "अण्णा दर बाजाराला माझ्यासाठी शेवेची पुडी आणायचे. कितीही प्यायलेले असले तरी. ती कधी चुकली नाही."

आजोबांबद्दल बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं चांगलं वाक्य. वय वर्षं चाळीस झाल्यावर! जमिनीची गोष्ट आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे, शेवेची कुणालाच ठाऊक नव्हती. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

असो. आत्या, काका, तुमच्याकडे अण्णांची अशी एखादी आठवण असेल तर जरूर कळवा. वाट बघतोय.