आठ पाऊण सहा

आमच्या बमरोलीत पहाट होते ती लूमच्या खडखडाटाने. सुरत शहराच्या या बाजूला, पांडेसरा-उधना भागात, आपल्या नंदुरबार-धुळे-जळगावकडची कितीतरी घरे पोटासाठी येऊन कायमची वसली. माझे वडील त्यांतलेच. अण्णांनी एकतीस वर्षे लूमच्या खात्यात काढली. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. खात्यात कोणी कोणाशी बोलत नाही, बोललेले ऐकूच येत नाही. सगळे हातवाऱ्यांवर चालते. काम सुटले तेव्हा अण्णांचे कान जवळजवळ गेलेले होते. कानाचे यंत्र आणले, ते चार दिवसांत कपाटात गेले. मग हळूहळू अण्णांचे बोलणेही कमी झाले. लग्नाकार्याला जायचे, कोपऱ्यात बसायचे, जेवून परत यायचे.

मला पक्षी पाहण्याचा नाद आहे. २००९ च्या नाताळच्या सुट्टीत जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर जायचे मी आणि एका मैत्रिणीने ठरवले होते. ऐनवेळी तिचे जमेना. आई म्हणाली, "अण्णांना घेऊन जा." खरे सांगते, मला ते फारसे रुचले नाही. पक्षी पाहायला डोळ्यांइतकेच कान लागतात. आवाजावरून दिशा कळते, मग पक्षी दिसतो. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना घेऊन तिथे काय करायचे? पण तिकीट वाया जाणार होते, म्हणून हो म्हटले.

सौराष्ट्र मेलने रात्रभराचा प्रवास करून जामनगरला उतरलो. कच्छच्या आखाताचा हा दक्षिण किनारा म्हणजे आपल्या देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८० साली अभयारण्य झाले आणि १९८२ मध्ये त्यातल्या काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. लहानमोठी ४२ बेटे त्यात आहेत. पिरोटन त्यांपैकी एक, साधारण तीन चौरस किलोमीटरचे. दीपगृह, वाळू, प्रवाळाचे खडक आणि तिवरांची झाडी. तिवराला इकडे 'चेर' म्हणतात.

बेटावर जाणे-येणे सगळे भरतीच्या हाती. भरतीच्या पाण्यावर होडी निघते, बेटावर सोडते आणि पुढच्या भरतीला परत आणते. मधले बारा तास तुम्ही बेटाचे. होडीवाल्याने सांगितले, उद्या अष्टमी, पहाटे सहाच्या आसपास निघू. मी ते कागदावर लिहून अण्णांना दाखवले. त्यांनी वाचले आणि म्हणाले, "आठ पाऊण सहा." मला काही कळेना. त्यांनी समजावले. खात्यात पूर्वी त्यांच्या शेजारच्या मागावर एक कोकणातला माणूस होता. त्याने सांगितले होते, तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. लहानपणी शाळेत घोकलेली पाऊणकी अण्णांना अजून पाठ होती. आखातात वेळ थोडी पुढेमागे होते, पण हिशोब बरोबर होता. कितीतरी दिवसांनी ते एका दमात एवढे बोलले.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. बरोबर वन खात्याचा माणूस, पिण्याचे पाणी, आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बेटावर उतरलो तेव्हा ऊन वर येत होते. होडीचे इंजिन बंद पडले आणि मला एकदम जाणवले की इथे कसलाच खडखडाट नाही. अण्णांना मात्र काय फरक पडणार, असे मनात आले आणि माझे मलाच वाईट वाटले.

ओहोटी लागली तसे पाणी मागे सरकू लागले. खडक उघडे पडले, चिखल चमकू लागला आणि पक्ष्यांची पंगत बसली. लांब बाकदार चोचीचे कर्ल्यू चिखलात चोच खुपसत होते. लाल चोचीचे, काळेपांढरे ऑइस्टरकॅचर, म्हणजे कालवे फोडून खाणारे, खडकांच्या कडेने फिरत होते. गडद राखी रंगाचा किनारी बगळा उथळ पाण्यात धावपळ करत होता. मी दुर्बीण लावून आवाजाचा कानोसा घेत होते. तेवढ्यात अण्णांनी माझ्या दंडाला हात लावला.

"तठे देख, माय."

मला काही दिसले नाही. त्यांनी खात्यातल्यासारखा हात केला. दोन बोटे डावीकडे, मग तळहात खाली. त्या रोखाने पाहिले तर दूर वाळूच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस काळेपांढरे पक्षी. जाड काळी चोच, लांब निळसर पाय. ज्यांच्यासाठी मी आले होते ते क्रॅब प्लव्हर, खेकडे खाणारे! दुर्बिणीशिवाय त्यांना कसे दिसले, विचारले तर म्हणाले, "मन्हा कान गयात, डोया नही." चालत्या मागावर तुटलेला एक धागा हेरायची एकतीस वर्षांची सवय होती ती.

हा पक्षी मोठा नवलाचा. किनाऱ्यावर राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांमध्ये वाळूत बीळ खोदून अंडे घालणारा हा एकटाच. अंडे बहुधा एकच. त्यांची घरटी इराणच्या आखातापासून तांबड्या समुद्रापर्यंतच्या वालुकामय किनाऱ्यांवर असतात. ऊनच इतके की वाळूची ऊब अंडे उबवायला मदत करते. हिवाळ्यात काही पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि कच्छचे आखात हे त्यांचे आवडते ठिकाण. बहुतेक किनारी पक्ष्यांची पिले अंड्यातून निघताच स्वतः टिपू लागतात. याचे पिल्लू मात्र उडायला शिकून, समुद्र ओलांडून इथवर आले तरी आईबापाकडे खायला मागत राहते.

हे मी पुस्तकात वाचले होते, अण्णांना सांगितलेले नव्हते. आम्ही खडकाआड बसलो. एका मोठ्या पक्ष्यामागे एक फिकट राखी पक्षी लागला होता. मान आखडून, चोच उघडून सारखा ओरडत होता. तो आवाज मला ऐकू येत होता, अण्णांना नाही. मोठ्याने खेकडा पकडला, आपटला आणि चोच पुढे केली. अण्णांनी माझ्याकडे वळून पाचही बोटे जुळवून तोंडाकडे नेली. खात्यात ही 'जेवायची वेळ झाली' याची खूण. मग हळूच म्हणाले, "मोठं व्हयनं, तरी मांगस." मोठे झाले तरी मागतेय. आणि हसले.

मी मान खाली घालून दशमीचे फडके सोडले. त्या दिवशी पक्षी त्यांनीच दाखवले, मी नुसती नावे लिहिली. दुपारी खात्याच्या माणसाने खडकातला ऑक्टोपस दाखवला, तोही अण्णांनाच आधी दिसला. संध्याकाळी पाणी चढले, होडी लागली. वहीत सतरा नावे झाली होती.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बेटावर जाण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आधी जामनगरच्या वन विभागाकडून परवानगीची खात्री करावी. नाही जमले तर जवळचे खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. त्याला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली आहे. पायांत जाड तळव्यांचे बूट हवेत. शंख, प्रवाळ काही उचलू नये. थंडीचे दिवस उत्तम.

यंत्र अजून कपाटातच आहे. पण आमच्याकडे आता घरात हातवारे चालतात, नातवंडेसुद्धा शिकली. संध्याकाळी अण्णा गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. खाडीकडून परतणाऱ्या बगळ्यांचे थवे मोजतात आणि खाली आल्यावर बोटांनी आकडा सांगतात. मी तो वहीत लिहिते.