उन्हाळ्यातले एकवीस किलोमीटर

शाळेच्या वार्तापत्रासाठी तुमच्या पळण्याबद्दल काहीतरी लिहा, असा बाईंचा निरोप आला तेव्हा आम्हाला हसूच आले. शाळेत असताना आमच्यापैकी एकाचेही नाव वार्षिक क्रीडास्पर्धेच्या बक्षीसपत्रकात कधी लागले नव्हते. तरी बाईंचा शब्द मोडायची सवय अजून लागलेली नाही, म्हणून हा लेख.

आम्ही सातजण. सगळे याच शाळेचे माजी विद्यार्थी, आणि सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पाचजण बेळगावात, दोघे निपाणीत. एक बँकेत, एक उद्यमबागेतल्या फौंड्रीत, एक प्राथमिक शिक्षिका, एकीचा घरगुती पोळीभाजीचा व्यवसाय, एक पोस्टातून निवृत्त झालेले काका, आणि निपाणीकरांपैकी एकाचे दुकान, दुसऱ्याची शेती. गेल्या वर्षी मार्चमध्ये जुन्या वर्गाचे स्नेहसंमेलन झाले. तिथे कोणीतरी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा विषय काढला. ही शर्यत २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तसेच परत उतरायचे. अंतर २१ किलोमीटर आणि त्यात घाटाची चढण. जेवणाच्या पंगतीतच सातजणांची नावे ठरली.

शर्यत पावसाळ्याच्या अखेरीस, पण तिच्यासाठी पाय तयार करायचे ते एप्रिल-मे महिन्यांत, हे पंगतीत कोणाच्या लक्षात आले नाही.

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. पहाटे एप्रिलमध्येही बरा गारवा असतो. या कौतुकानेच आम्ही फसलो. पहाटेचा गारवा सूर्य वर आला की तासा-दीड तासात संपतो आणि दुपारी पारा ३५-३६ अंशांवर जातो. निपाणी आणखी खालच्या अंगाला, तिथे उन्हाचा चटका जास्तच. मे महिन्यात वळीव पडून गेला की हवा दमट होते. तेव्हा घाम नुसता गळतो, वाळत नाही. आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही, हे आम्ही विज्ञानाच्या तासाला शिकलो होतो. पेपरात लिहून गुणही मिळवले होते. पळताना मात्र कोणाला आठवले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. निपाणीकरांनी रविवारी बोलावले होते. निपाणीहून स्तवनिधीच्या बाजूला तवंदी घाटाचा चढ आहे, साताऱ्याच्या तयारीला तो चांगला, असे त्यांचे म्हणणे. आम्ही पाचजण सकाळच्या गाडीने गेलो. उतरल्यावर पोहे झाले, चहा झाला, गप्पा झाल्या. पळायला सुरुवात झाली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. महामार्गावर पळणे धोक्याचे म्हणून बाजूच्या रस्त्याने निघालो. सर्वांत पुढे आमचा बँकवाला मित्र. आमच्यातला तोच खरा तयारीचा.

परतताना तो मागे पडला. मग वाकडातिकडा पळू लागला. काका म्हणाले, "अरे, चाल जरा," तर त्यांच्यावरच खेकसला. हा माणूस एरवी कोणाला अरे-तुरे करत नाही. थोड्या वेळाने त्याने आम्हाला विचारले, "घंटा झाली काय?"

आधी वाटले, चेष्टा करतोय. फौंड्रीतला मित्र मात्र त्याच्या तोंडाकडे बघून ओरडला, "ह्याला ऊन लागलंय. सावलीत घ्या!" अंग घामाने निथळत होते, म्हणून आम्हाला शंकाच आली नव्हती. ऊन लागलेल्या माणसाचे अंग कोरडे पडते अशी आमची समजूत होती. बसल्या जागी ऊन लागले तर पुष्कळदा तसे होते. पळताना किंवा कष्टाचे काम करताना लागले तर अंग ओले असूनही आतला ताप वाढत जातो. बोलणे बिघडणे, तोल जाणे, उगाच चिडणे या खुणा तिथे अधिक खऱ्या.

रस्त्यालगत उसाचे शेत होते. बांधावरच्या शेतकऱ्याने आम्हाला जातानाच हटकले होते, "काय वो, कुठली गाडी चुकली? ह्या उन्हाचं कुठं पळत निघालायसा?" आता त्यानेच धावत जाऊन मोटर सुरू केली. सुदैवाने त्या वेळी वीज होती. मित्राला आंब्याच्या सावलीत निजवून बोअरच्या पाइपचे गार पाणी डोक्यापासून पायापर्यंत सोडले. दोघांनी ओल्या टॉवेलने वारा घातला. शुद्ध पुरती नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये एवढे बाईंना ठाऊक होते, त्यांनी सगळ्यांना अडवले. गाडी येईपर्यंत पाणी चालूच ठेवले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने आमची नावे बरोबर सांगितली, तेव्हा पोळीभाजीवाली आमची मैत्रीण बांधावर बसून रडली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "इथे आणायची घाई करण्याआधी तिथेच गार केलंत, म्हणून वाचला." आधी गार करणे, मग हलवणे, हा त्यांचा धडा. या दुखण्यात प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

दुसरा धडा मित्रानेच दिला. त्या आठवड्यात त्याला दोन दिवस ताप होता. त्याने कोणालाही सांगितले नव्हते. "सगळे एवढे बेळगावाहून निघालेत, मी कसा नाही म्हणू?" असे तो म्हणाला. नुकताच ताप येऊन गेलेल्या शरीराला उन्हातले श्रम झेपत नाहीत. पण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. निघताना त्याला 'बरा आहेस ना?' असे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

पुढचे दोन आठवडे कोणी पळाले नाही. बेत मोडायचा असेच जवळजवळ ठरले होते. त्या दिवसांत काकांनी एक कात्रण आणून दाखवले. १९२० साली भारताचा पहिला चमू ऑलिंपिकला गेला, बेल्जियममधल्या अँटवर्पला. त्यात मॅरेथॉन पळणारे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. नावात कानडी अप्पा आणि आडनाव मराठी गावगाड्यातले. आपल्या भागाची ओळख त्या एका नावात आली. त्याआधी १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारे खेड्यातले धावपटू पाहून सर दोराबजी टाटांनी ही माणसे ऑलिंपिकला पाठवायचे मनावर घेतले. चौगुले २२ ऑगस्ट १९२० रोजी पळाले. त्या वर्षीचे अंतर नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे केले आणि १९वे आले. आम्हाला त्याच्या निम्मे अंतर तेवढ्या वेळात जमले तरी पेढे वाटू, असे काका म्हणाले. अशा माणसाच्या गावात राहून आपण पळायचेच सोडले तर बरे दिसणार नाही, यावर एकमत झाले. मात्र पळायचे ते नीट शिकून.

शिकवले ते फौंड्रीतल्या मित्राने. तो म्हणाला, "आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी भट्टीपुढे पुरी पाळी उभा करत नाहीत. थोडं थोडं वाढवतात." पुढे वाचले तेव्हा कळले की शास्त्रही हेच सांगते. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जाते. पळताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा चौथा हिस्साच जेमतेम पळण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावते आणि स्नायूंनाही तेच रक्त हवे असते. म्हणून उन्हात वेग कमी होतो. तो आळस नाही, शरीराचा हिशेब आहे.

आमच्या काळी पळताना पाणी प्यायचे नाही, पोटात दुखते, असे सगळीकडेच सांगत. पूर्वी मोठमोठे धावपटूही असेच मानत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कडक उन्हात मॅरेथॉन पळताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेण चोपडले होते, त्यामुळे घामाची वाट बंद झाली असे सांगतात. आता लोक उलट्या टोकाला जातात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम नको इतके उतरलेले निघाले. मुख्य कारण, गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे. म्हणून आम्ही तहानेवर भरवसा ठेवला. शिवाय पळण्याआधी आणि नंतर वजन करू लागलो. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, हा सरळ हिशेब.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरुवात झाली. पहाटे पाचला टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोच्या झाडीत जमायचे, काँग्रेस रोडने फेरी मारायची आणि ऊन चढायच्या आत घरी. पहिल्या आठवड्यात फक्त वीस-वीस मिनिटे. नळाला पाण्याची पाळी असेल त्या दिवशी दोघी मैत्रिणींना येता येत नसे. मग आम्ही रविवारची मोठी फेरी पाण्याची पाळी बघून ठरवू लागलो. चढाच्या सरावासाठी येळ्ळूरचा राजहंसगड होताच. बरोबर लिंबू, मीठ, साखरेचे पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, जुलाबावर देतात तेच. घरी आल्यावर नाचणीची आंबील आणि ताक. बाजारातली महागडी पेये एकदा आणली, ती काकांच्या नातवांनी संपवली.

वेग मोजायला आमच्याकडे बाईंची युक्ती होती. पळता पळता एकोणीसचा पाढा म्हणायचा. न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. धाप लागून तुटला तर हळू. आणि येत असलेला पाढा चुकू लागला, एकोणीस साते एकशे तेहेतीसऐवजी भलतेच काही आले, तर तिथल्या तिथे थांबायचे, सावलीत बसायचे, सगळ्यांनी. दोनदा असे झाले. एकदा खरेच ऊन बाधत होते. दुसऱ्यांदा काकांना पाढाच येत नव्हता.

आणखी एक नियम आम्ही तवंदीच्या रानातून आणला. त्या दिवशी उसात बायका भांगलत होत्या. त्या सहाला आल्या होत्या, अकराला सावलीत बसणार होत्या. एखादीची पात मागे राहिली की शेजारची तिला हात देई आणि सगळ्या एका ओळीत पुढे सरकत. आम्हीही तेच ठरवले, सर्वांत मागे असेल त्याच्या चालीने जायचे. तेव्हा हेही जाणवले की आम्ही हौसेने उन्हात जातो, नको वाटले तर घरी बसतो. त्यांना ती सोय नाही. आमच्यासाठी मोटर सुरू करणारा माणूस आणि त्या बायका रोज उन्हातच असतात.

साताऱ्याला सहाजण पळालो. घाटात भुरभुर पाऊस होता आणि अंगाला गारवा लागत होता. उन्हाळ्याने कमावलेले शरीर त्या गारव्यात हलके वाटले. आमच्यातला पहिला दोन तास एकतीस मिनिटांत आला, काका शेवटी, तीन तासांच्या थोडे पुढे. पेढे तरीही वाटले.

सातवा, आमचा बँकवाला मित्र, पळाला नाही. डॉक्टरांनी पुष्कळ दिवस जोराचे श्रम मना केले होते. जून-जुलैमध्ये तो नुसता चालला, आणि रविवारी स्कूटरवर पाण्याचे कॅन घेऊन आमच्या मागून आला. साताऱ्यालाही टॉवेल घेऊन उभा होता. परतीच्या गाडीत आमची पदके बघून म्हणाला, "त्या रविवारी मी 'आज नको' एवढे दोन शब्द बोललो असतो, तर आज माझ्याही गळ्यात एक असते." गाडीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पदकापेक्षा हे दोन शब्द लक्षात ठेवा. दमलो, बरे वाटत नाही, आज नको, असे म्हणणारा मुलगा भित्रा नसतो. आणि शेजारचा मुलगा मैदानावर उगाच चिडला, वेडेवाकडे बोलू लागला, तर हसू नका. त्याला सावलीत न्या, पाणी ओता, सरांना बोलवा.

शाळेला एक विनंती. उन्हाळी शिबिराचे मैदानी खेळ सकाळी आठच्या आत संपावेत आणि मैदानाच्या कडेला एक माठ कायम भरलेला असावा. आणि जमल्यास डिसेंबरच्या स्पर्धांत फडेप्पा चौगुल्यांच्या नावाने एक लांब पल्ल्याची शर्यत ठेवावी. माठ भरायला आम्ही सातजण येऊ. या वेळी सातवाही पळेल, डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे.